औषधांना दाद न देणारा कॅटाटोनिया: नाशिकमधील एका मानसोपचार रुग्णालयाच्या सेवेचे परीक्षण

हे परीक्षण नाशिक शहरातील एका खासगी मानसोपचार रुग्णालयाचे आणि तेथे माझ्या भाच्यावर झालेल्या औषधोपचारांचे आहे. भाचा पिंपळगाव बसवंतचा, पंचविशीतला, आणि काही वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. त्यातच त्याला कॅटाटोनिया झाला, म्हणजे जागा असूनही बोलणे आणि हालचाल गोठून जाण्याची अवस्था. रुग्णालयाचे नाव दिले की गावाकडच्या लोकांना रुग्णाची ओळख पटायला वेळ लागणार नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही. मात्र अशा रुग्णासाठी कोणतेही रुग्णालय निवडताना काय पाहावे, हे या लिखाणातून कळावे असा प्रयत्न आहे. औषधांच्या मात्रा तेथील कामाची पद्धत समजावी एवढ्यासाठीच लिहिल्या आहेत. त्या वाचून कोणीही स्वतःहून गोळी सुरू करू नये, वाढवू नये आणि बंद तर मुळीच करू नये.

भाच्याला आधी रिस्पेरिडोन आणि नंतर ओलान्झापिन पूर्ण मात्रेत व पुरेशा काळासाठी दिले गेले होते. दोन वेगवेगळी मनोविकारविरोधी औषधे योग्य मात्रेत प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही लक्षणे हटत नसतील, तर तो आजार उपचारांना दाद न देणारा मानतात; त्या व्याख्येत तो बसतच होता. त्यातच त्याचे बोलणे थांबले, घास तोंडात तसाच राहू लागला आणि तासन्‌तास तो एकाच अवस्थेत उभा राहू लागला. गावात ‘बाहेरचे’ आहे म्हणणारे भेटले, वणीच्या गडावर नवसही बोलून झाला, आणि त्याबद्दल मी ताईला एका शब्दाने दोष देणार नाही, कारण तरणाताठा मुलगा डोळ्यांदेखत असा थिजलेला पाहणाऱ्या आईने दुसरे काय करावे? मला खंत आहे ती दुसऱ्या गोष्टीची. पहिल्या ठिकाणी त्याचे न बोलणे आणि न खाणे हा हट्ट समजून त्याला हॅलोपेरिडॉल या मनोविकारविरोधी औषधाची इंजेक्शने देण्यात आली आणि त्यानंतर तो अधिकच ताठ झाला, अंगात ताप भरला.

नाशिकच्या रुग्णालयात आल्यावर तेथील मानसोपचारतज्ज्ञांनी पहिला निर्णय घेतला तो औषध थांबवण्याचा. मेंदूतील डोपामिन हे रसायन अडवणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधे कॅटाटोनियाच्या अवस्थेत दिली तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम हा प्राणघातक प्रकार होण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावले. स्नायूंचा ताठरपणा, ताप, घाम, नाडी व रक्तदाबातील चढउतार आणि रक्तातील सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाल्यावर वाढणाऱ्या विकराची, वाढ ही त्याची लक्षणे. सीपीके, रक्तातील लोह, किडनीची तपासणी आणि क्षार हे सगळे त्याच दिवशी तपासले गेले. लोह कमी असलेल्या कॅटाटोनियाच्या रुग्णाला हा धोका अधिक असतो, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. सीपीके वाढलेले होते, म्हणून सलाईन सुरू करून फिजिशियनला बोलावण्यात आले आणि ताप उतरेपर्यंत मनोविकारविरोधी गोळी एकही दिली गेली नाही. रुग्ण हलत नाही म्हणून औषध वाढवा, असा आग्रह नातेवाईक धरतातच. आम्हीही धरत होतो. तो आग्रह शांतपणे परतवून लावणे हेच मला या रुग्णालयाचे पहिले मोठे गुणवैशिष्ट्य वाटते.

यानंतर कॅटाटोनियाचे मोजमाप झाले. बुश-फ्रान्सिस मोजपट्टी ही १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी असून तिच्यात २३ लक्षणे आहेत. त्यांतील पहिली १४ प्राथमिक चाळणीसाठी वापरतात. डॉक्टर त्याच्यासमोर हात पुढे करून म्हणाले, ‘मी हात पुढे केला तरी तू मला हात देऊ नकोस.’ भाच्याचा उजवा हात चादरीवरून उचलला गेला, अर्ध्यावर आला आणि तेथेच थांबला. पुढेही जाईना आणि मागेही येईना, आणि कपाळावरची शीर मात्र ताणलेली दिसत होती. ते पाहून मला प्रथमच नीट कळले की तो आम्हाला झिडकारत नव्हता. त्याच्या आत काहीतरी सुरू होते आणि शरीर ते पुरे करू शकत नव्हते. ही मोजपट्टी दर दोन दिवसांनी भरली जात असे आणि तिचे गुण ताईला दाखवले जात, त्यामुळे ‘थोडा बरा वाटतो’ यासारख्या अंदाजांवर आम्हाला विसंबून राहावे लागले नाही.

कॅटाटोनियाचे पहिले औषध म्हणजे लोराझेपाम. आपल्याकडे अनेकजण ते अ‍ॅटिव्हान या नावाने ओळखतात आणि त्याला झोपेची गोळी समजतात. सुस्त पडलेल्या माणसाला झोपेचे औषध द्यायचे, हे ताईच्या गळी उतरेना. परंतु मेंदूतील गाबा या रसायनाच्या यंत्रणेवर काम करून हेच औषध गोठलेली हालचाल मोकळी करते. एक-दोन मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून देऊन पाच-दहा मिनिटांत काय फरक पडतो ते पाहायचे, अशी ही चाचणी असते. भाच्याने त्या वेळात मान वळवली आणि पायाशी गोळा झालेली चादर स्वतःच्या हाताने ओढून घेतली. तो बोलला नाही, पण डॉक्टरांनी त्या एवढ्याशा हालचालीची नोंद वेळ टाकून केली.

पुढे लोराझेपाम दिवसातून तीन वेळा, हळूहळू वाढवत दिले गेले. कॅटाटोनियात ही मात्रा दिवसाला ८ मिलिग्रॅमच्याही पुढे, काही रुग्णांत २४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, आणि म्हणूनच ते रुग्णालयातच, श्वास व ऑक्सिजनवर लक्ष ठेवून द्यावे लागते. सुरुवातीलाच डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, आणि ती पुढे खरी ठरली. नैराश्यातील किंवा अचानक आलेल्या कॅटाटोनियात लोराझेपाम जितके चालते तितके ते स्किझोफ्रेनियातील जुनाट कॅटाटोनियात चालेलच असे नाही. हाँगकाँगमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ रुग्णांवरील एका लहान अभ्यासात अशा दीर्घकालीन रुग्णांना लोराझेपामचा काहीच फायदा दिसला नव्हता. भाचा या औषधावर घोट घोट पाणी पिऊ लागला, आधार दिला की चालू लागला, पण गुण एका पातळीवर येऊन अडकले. वाट किती पाहायची हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे अडकल्यावर दिवस वाया गेले नाहीत.

पुढची पायरी ईसीटीची, म्हणजे लोकभाषेत शॉकची. हा शब्द ऐकताच आमच्या घरात रडारड झाली. रुग्णालयाने त्यावर घाईने सही मागितली नाही. ताई, भावोजी आणि मी अशा तिघांना त्या खोलीत नेऊन यंत्र, भूल देण्याची ट्रॉली आणि दातांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा दाखवला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ९५ नुसार स्नायू शिथिल करणारे औषध आणि भूल यांच्याशिवाय ईसीटी देण्यास मनाई आहे, आणि कलम ९४ खालील तातडीच्या उपचारांतही ईसीटी देता येत नाही. ही दोन्ही कलमे त्यांनी मराठीत छापून भिंतीवर लावलेली आहेत. भाच्याची संमती देण्याची क्षमता त्या वेळी नव्हती, त्यामुळे त्याला कलम ८९ नुसार दाखल केले होते आणि नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून ताईने सही केली. या कलमाखालचा प्रवेश जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो आणि रुग्णाच्या क्षमतेचा दर सात दिवसांनी आढावा घ्यावा लागतो. तो आढावा येथे खरोखर घेतला जात होता, हे मी फाईलमध्ये पाहिले आहे.

लोराझेपामने ईसीटीत अपेक्षित असलेली फीट येण्यास अडथळा होतो, म्हणून आदल्या रात्रीची मात्रा कमी केली जाई. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला भूल देताना सक्सिनिलकोलिन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधामुळे रक्तातील पोटॅशियम एकदम वाढू शकते, याचीही भूलतज्ज्ञांनी आधी चाचणी करून घेतली. अशा बारीकसारीक गोष्टींतच या सेवेचा कस दिसतो. भारतातच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, लोराझेपामला दाद न देणाऱ्या १४ रुग्णांमध्ये, ईसीटीचा परिणाम रिस्पेरिडोनपेक्षा चांगला दिसला होता. भाच्याच्या बाबतीत काही ईसीटींनंतर पहिला शब्द आला, नंतर वाक्ये आली. अलीकडच्या काही दिवसांची आठवण पुसट झाली, आणि दर वेळी शुद्धीवर आल्यावर तासभर गोंधळलेपण असे. हे होणार असे आधी सांगितलेले असल्यामुळे ताई घाबरली नाही.

पण ईसीटीने उघडलेले दार उघडेच राहावे यासाठी मूळ स्किझोफ्रेनियावर औषध लागतेच, आणि दोन औषधे निष्फळ ठरल्यावर ते औषध म्हणजे क्लोझापिन. भारतात ते सिझोपिन, लोझापिन अशा नावांनी मिळते. या औषधाचा इतिहास ऐकूनच माणूस बिचकतो. फिनलंडमध्ये १९७५ साली रक्तातील पांढऱ्या पेशी कोसळून रुग्ण दगावल्यानंतर अनेक देशांत ते मागे पडले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतील २६८ रुग्णांवरील अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी क्लोझापिनवर ३० टक्के, तर तुलनेतील क्लोरप्रोमाझिनवर केवळ ४ टक्के रुग्ण सहा आठवड्यांत सुधारले आणि त्याला पुन्हा स्थान मिळाले. कॅटाटोनियाच्या दृष्टीने त्याचे वेगळेपण असे की डोपामिनच्या डी-२ ग्राहकांवर त्याची पकड सैल असते, त्यामुळे हॅलोपेरिडॉलसारखा ताठरपणा ते सहसा आणत नाही. तरीही डॉक्टरांनी ते ताप, सीपीके आणि लोह सामान्य झाल्यावरच सुरू केले. क्लोझापिन आणि लोराझेपाम एकत्र देताना श्वास मंदावण्याचा व रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो, म्हणून एक वाढवताना दुसरे कमी करत नेले.

क्लोझापिनची सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीने झाली. या रुग्णालयाचा नियम असा, की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पूर्ण होईपर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यानंतर दरमहा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला ३,००० च्या किंवा त्यांतील न्यूट्रोफिल या पेशी १,५०० च्या खाली गेले की औषध थांबवायचे. पहिल्या महिन्यात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, म्हणून ईसीजी आणि ट्रोपोनिन व सीआरपी या रक्ततपासण्याही केल्या गेल्या. पिंपळगावहून दर आठवड्याला नाशिकला येणे द्राक्षाच्या हंगामात भावोजींना शक्य नव्हते. गोडी छाटणीच्या दिवसांत बाग सोडून निघणे म्हणजे वर्षाचे नुकसान. रुग्णालयाने त्यावर चांगला मार्ग काढला. रक्त पिंपळगावच्या प्रयोगशाळेत द्यायचे, अहवाल मोबाइलवर पाठवायचा, आणि रुग्णालयातील सिस्टरने आकडे पाहून ‘चालेल’ असे कळवल्यावरच पुढच्या आठवड्याच्या गोळ्या घ्यायच्या. सिस्टर प्रत्येक आकडा एका वहीत लिहितात आणि ताईकडेही तशीच वही दिलेली आहे. गावाकडच्या कुटुंबासाठी या वहीचे मोल मोठे आहे.

येथेच माझी मुख्य तक्रारही आहे. रक्ताच्या तपासणीवर इतका भर दिला गेला की बद्धकोष्ठतेचा विषय डिस्चार्जच्या वेळी एका वाक्यात आटोपला गेला. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि क्वचित ती पूर्ण थांबून जिवावर बेतते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबाबतचा इशारा अधिक कडक केला आहे. घरी आल्यावर भाच्याला कित्येक दिवस शौचास झाले नाही, पोट फुगले, आणि कमी बोलणारा मुलगा ते सांगणार कसा? ताईला पोटाचा आकार पाहून शंका आली, फोन केला तेव्हा मात्र डॉक्टरांनी लगेच बोलावून उपचार केले. आता शौचाची नोंदही त्याच वहीत होते आणि रेचक रोज सुरू आहे. हा रकाना वहीत पहिल्या दिवसापासून हवा होता, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. रात्री उशी भिजेल इतकी लाळ येणे, वजन व साखर वाढणे आणि सकाळची गुंगी यांची माहिती मात्र व्यवस्थित दिली होती.

दुसरी तक्रार सुट्ट्यांची. दिवाळीच्या आठवड्यात प्रयोगशाळा बंद, रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद आणि मेडिकल दुकानात गोळी संपलेली, असे तिन्ही एकदम झाले. क्लोझापिनचा खंड ४८ तासांपेक्षा जास्त पडला तर आधीच्या मात्रेवर परत जाता येत नाही, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावे लागते; शिवाय ते एकाएकी सुटले की कॅटाटोनिया उलटून येऊ शकतो. त्या वेळी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली म्हणून निभावले. औषध देणाऱ्या रुग्णालयाने अशा मोठ्या सुट्ट्यांआधी प्रत्येक क्लोझापिन रुग्णाच्या घरी फोन करावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

विडीचा मुद्दा मात्र त्यांनी उत्तम हाताळला, आणि तो फारच थोड्या ठिकाणी विचारला जातो. धुरातील घटक यकृतातील विकरे वाढवून रक्तातील क्लोझापिन कमी करतात; हे काम धुराचे आहे, निकोटिनचे नव्हे, त्यामुळे तंबाखू किंवा मशेरीने तसे होत नाही. वॉर्डात विडी बंद असताना बसवलेली मात्रा घरी येऊन विडी सुरू झाली की अपुरी पडते, आणि उलट घरी विडी एकदम सोडली तर तीच मात्रा जास्त होऊन गुंगी व फीट येऊ शकते. भाचा विडी ओढतो. घरी गेल्यावर त्याच्या रक्तातील औषधाची पातळी तपासायला सांगितली गेली. नमुना बाहेर पाठवावा लागला, खर्चही झाला, पण पातळी मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या पुढे असावी या कसोटीवर मात्रा पुन्हा बसवता आली.

क्लोझापिनही पुरेसे ठरले नाही तर काय, हे आम्ही विचारले होते. उत्तर टाळाटाळीचे नव्हते. क्लोझापिन सुरू ठेवून ईसीटीची जोड देण्याचा पर्याय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३९ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात ही जोड दिलेल्यांपैकी निम्मे रुग्ण सुधारले, तर केवळ क्लोझापिनवर ठेवलेल्यांपैकी एकही नाही. कॅटाटोनियासाठी मेमँटिन किंवा अमँटाडिन ही मेंदूतील ग्लुटामेट या रसायनाच्या यंत्रणेवर काम करणारी औषधेही वापरतात, परंतु त्यांचा आधार मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींचा आणि छोट्या अभ्यासांचा आहे, आणि अमँटाडिनने भ्रम वाढू शकतात, हेही त्यांनी सांगितले. सध्या भाच्याचा ईसीटी महिन्यातून एकदा सुरू आहे आणि मेमँटिनचा विचार राखून ठेवला आहे.

वॉर्डातील मामा-मावशींबद्दल आदराने लिहावेसे वाटते. न हलणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून व्यायाम द्यावा लागतो, नाकातील नळीतून पेज भरताना डोके उंच ठेवावे लागते. हे सगळे झाले आणि भाच्याला एकही शय्याव्रण झाला नाही. एक मावशी तो बोलत नसतानाही त्याच्याशी बागेबद्दल बोलत राही. बोलू लागल्यावर त्याने तिला ‘तुम्ही सांगितलेलं सगळं ऐकू येत होतं’ असे सांगितले. न बोलणाऱ्या रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून त्याच्याविषयी वाटेल ते बोलणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने आणि कर्मचाऱ्याने हे लक्षात ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खर्चाचे बोलायचे तर भूलतज्ज्ञाच्या मानधनासह ईसीटीचा आकडा आधीच लिहून दिला गेला आणि बिलात तोच आला. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळायला हवा. आमच्या विमा कंपनीने सुरुवातीला खळखळ केली, पण रुग्णालयाच्या कार्यालयाने पत्र देऊन दावा मंजूर करून आणला. ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी विचारावे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, नाशिकला नाही. कोणाला विचारावे हेच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

या रुग्णालयात स्वतःचा अतिदक्षता विभाग नाही. ताप, ताठरपणा, घाम आणि वाढती नाडी असलेला रुग्ण थेट येथे आणण्यापेक्षा आधी अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावा आणि तेथे मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून घ्यावे, असे येथील डॉक्टर स्वतःच सांगतात. तेथून स्थिर झाल्यावर येथे आणताना आधीच्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, ते किती आठवडे दिले आणि शेवटची गोळी किंवा इंजेक्शन कधी दिले, हे कागदावर लिहून आणावे. लांब पल्ल्याचे, महिन्याने द्यायचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते सर्वांत आधी सांगावे, कारण ते शरीरातून काढून घेता येत नाही आणि पुढचा सारा हिशेब त्याच्यावरच बसवावा लागतो.